मुलाला कम्युनिटी कॉलेजला घालावं का? (बे एरिया, पण इतरांनीही लिहा)

अनघा_फ्रीमाँट

लेक यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या वेगवेगळ्या कॅम्पसचे, निकाल लागले. रिव्हरसाइड आणि मर्सेड मिळालं, डेव्हिसला वेटलिस्ट, बर्कली-एलए-सॅन डिएगो तिन्हीकडून नकारघंटा. मेजर (मुख्य विषय) कॉम्प्युटर सायन्स म्हणजे सीएस, दुसरं काय असणार! आता चिरंजीवांचं म्हणणं असं की रिव्हरसाइडला राहून-खाऊन वर्षाला ४०-४५ हजार डॉलर घालवण्यापेक्षा मी घरीच राहतो, दोन वर्षं इथल्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजला करतो आणि मग चांगल्या यूसीत ट्रान्सफर घेतो. त्याचे दोन मित्र पण तिथेच चाललेत. नवऱ्याला लगेच पटलं, कारण उघड आहे. मला निम्मं पटलंय, रात्री झोपताना पटत नाही सकाळी परत पटतं असं चाललंय. सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "एवढं अमेरिकेत जाऊन शेवटी म्युनिसिपालिटीच्या कॉलेजात?"

कोणी स्वतः गेलंय का, कोणाची मुलं गेलीत का? ट्रान्सफर खरंच होते का की नुसतं सांगतात? घरी राहून मुलगा दुपारी बाराला उठायला लागेल ही भीती वेगळीच. १ मेपर्यंत यूसीला होकार कळवायचाय. प्लीज लिहा.

झणझणीत_रस्सा

मी पहिला. आता सगळे इथे फी, रँकिंग आणि संस्कार यावर भांडणार, मी पोहे घेऊन बसतो.

जुनाखोड

अनघाताई, आधी सासूबाईंचं बघू. सरकारी, स्वस्त आणि मागेल त्याला प्रवेश, या तीन गोष्टी एका ठिकाणी दिसल्या की आपली माणसं नाक मुरडतात, त्यांचा दोष नाही. पण कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला तेव्हाच ही वाटणी ठरवून केलेली आहे. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना यूसी, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि ज्याला शिकायचंय त्या कोणालाही कम्युनिटी कॉलेज. तिथून दोन वर्षांनी यूसीत शिरायची सोय पण त्याच प्लॅनमधली. मागच्या दाराने घुसणं वगैरे काही नाही. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. देशातलं सगळ्यात जुनं पब्लिक असं इलिनॉयमधलं जोलिएट, १९०१चं. तुमचं डी अँझा १९६७चं, खुद्द ॲपलवाले वॉझनियाक तिथे शिकलेत. टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजातला. सासूबाईंना टॉम हँक्स माहीत असेल तर तेवढं सांगा, बाकीचं राहू द्या.

पैशाचं: रहिवाशाला युनिटमागे (कोर्स केवढा ते मोजायचं माप) ४६ डॉलर, डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवाले, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्मवाले, म्हणून तिथे ३१. वर्षाचे ४५ युनिट धरले तरी चौदाशेच्या आत, वर किरकोळ फिया, पुस्तकं, पार्किंग. यूसीची नुसती ट्यूशन १५ हजारांच्या घरात आहे. शिवाय पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या फुलटाइम मुलांना बऱ्याच कॉलेजांत दोन वर्षं ही फी पण माफ होते, कॉलेज प्रॉमिस म्हणून. त्याला फाफ्साचा (सरकारी आर्थिक मदतीचा) फॉर्म वेळेत भरावा लागतो. देसी लोक "आपल्याला कुठे मदत मिळणार" म्हणून तो भरतच नाहीत.

सडेतोड

मी विरोधात लिहिणार आहे, आधीच सांगतो.

अठरा वर्षांच्या पोराला आईच्या हातचं गरम खायला घालून कॉलेजला पाठवणं म्हणजे अकरावी-बारावीच परत. यूसीत पहिल्या वर्षी होस्टेलला जे मित्र होतात ते जन्माचे. लॅबमध्ये प्रोफेसरच्या हाताखाली काम मिळतं, क्लब असतात, दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिपच्या रांगेत उभं राहता येतं. ट्रान्सफर होऊन आलेला तिसऱ्या वर्षी येतो, त्याला वर्गांच्या इमारती सापडेपर्यंत इंटर्नशिपचा सीझन संपलेला. आणि ट्रान्सफर होते का म्हणाल तर नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसचे आकडे बघा. देशभरात कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण तीनातला एकच चार वर्षांच्या कॉलेजात पोचतो, आणि सहा वर्षांत बॅचलर्स हातात पडणारा दर सहांत एक. हातात आलेली यूसीची सीट सोडून हा जुगार कशाला? रिव्हरसाइडला काय काटे लागलेत?

एडिसनचा_दिवा

सडेतोड, आकडे बरोबर पण त्या तीनांत कोण कोण येतं ते पण बघा ना. रात्रपाळी करून संध्याकाळी एक क्लास घेणारा, दोन लेकरांची आई, वेल्डिंगचं सर्टिफिकेट घ्यायला आलेला ज्याला ट्रान्सफर नकोच आहे, सगळे त्यातच. हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस झालेला आणि घरचं भाडं न भरणारा देसी पोरगा त्या सरासरीत बसत नाही.

आमच्या न्यू जर्सीत यांना काउंटी कॉलेज म्हणतात. माझी मुलगी मिडलसेक्सला गेली, एडिसनमध्येच, घरापासून दहा मिनिटं. आमच्याकडे कायदाच आहे की राज्यातल्या काउंटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री पूर्ण केली की पब्लिक युनिव्हर्सिटीने ते क्रेडिट मानायचे. वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असाल तर एनजे स्टार्स म्हणून ट्यूशन माफ. ती नंतर रटगर्सला गेली. डिग्रीच्या कागदावर रटगर्स लिहिलंय, आधीची दोन वर्षं कुठे काढली ते त्यावर नाही. लग्न जुळवताना मात्र एका काकूंनी बायोडेटा बघून विचारलं की मग आधी नापास झाली होती का!

झणझणीत_रस्सा

काकू सगळीकडे असतात. त्यांना ट्रान्सफर लागत नाही.

पेन्सिलवाली

मी याच वाटेने गेले. बे एरियातल्याच एका कॉलेजातून (नाव लिहीत नाही) यूसी डेव्हिस, आता नोकरीत आहे. सडेतोड काकांचं होस्टेलबद्दलचं खरं आहे, ते वर्ष हुकतं ते हुकतंच. पण खरा त्रास वेगळा असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

यूसीत गेलात की कोर्सेसची साखळी बरीचशी कोणीतरी बांधून ठेवलेली असते. कम्युनिटी कॉलेजात तुमचे कारकून तुम्हीच. माझ्या काउन्सेलरने पहिल्याच टर्मला मला अल्जेब्रावाल्या फिजिक्सला बसवलं, ते बायोलॉजीवाल्या मुलांचं असतं, इंजिनिअरिंग आणि सीएसला कॅल्क्युलसवालं लागतं. कळेपर्यंत ड्रॉप करायची तारीख गेली. कॅल्क्युलसवाल्याचा पहिला भाग पुढे दोन टर्म नव्हताच, आणि तो झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, दुसरा झाल्याशिवाय तिसरा नाही. तिथे माझं अख्खं वर्ष गेलं. बाई वाईट नव्हती हो, तिच्याकडे रोज रांग लागायची आणि प्रत्येकाला अर्धा तास.

म्हणून असिस्ट डॉट ऑर्ग. कॅलिफोर्नियातल्या कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसीत कशाला चालतो ते तिथे कोर्सगणिक आहे. काउन्सेलरकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, स्वतःचा दोन वर्षांचा तक्ता घेऊन जायचं आणि म्हणायचं यात चूक काढा.

अजून एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. यूसीला ट्रान्सफरचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो. म्हणजे दाखवायला हातात फक्त पहिल्या वर्षाचे मार्क. हायस्कूलचे मार्क कोणी बघत नाही ही चांगली बातमी, पण मग पहिल्या क्वार्टरला बी आला की तो झाकायला पुढे जागाच नाही. आणि क्वार्टर म्हणजे जेमतेम १२ आठवडे, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म. बाराला उठणाऱ्याचं काम नाही.

जुनाखोड

पेन्सिलवाली, फार छान लिहिलंस. त्यात टॅगची भर घालतो. टॅग म्हणजे ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए (मार्कांची सरासरी) असेल तर प्रवेशाची हमी. सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, एलए, सॅन डिएगो देत नाहीत. एकाच कॅम्पसला टॅग लावता येतो आणि तो सप्टेंबरमध्येच भरायचा, मुख्य अर्जाच्या आधी.

सडेतोड

म्हणजे ज्या रिव्हरसाइडचं पत्र आत्ता हातात आहे त्याचीच हमी मिळवायला दोन वर्षं राबायचं. वा!

पेन्सिलवाली

हो काका, हा मुद्दा मात्र बरोबर आहे :) आणि टॅग सगळ्या मेजरना नसतो. यूसी दरवर्षी टॅग मॅट्रिक्स म्हणून पीडीएफ काढते, कुठल्या कॅम्पसला कुठलं मेजर वगळलंय आणि जीपीए किती ते त्यात असतं, सीएस-इंजिनिअरिंगवाल्यांनी आधी तेच उघडायचं. बर्कलीच्या सीएसला तर ट्रान्सफरने अगदी मोजके घेतात. त्यामुळे "चांगल्या यूसीत" म्हणजे नक्की कुठे आणि कुठल्या मेजरला, हे अनघाकाकू त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

च्यामारी हे तर आपलं डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर! मी दहावीनंतर अमरावतीला पॉलिटेक्निक केलं, मंग पुण्यात डीएसवाय. बारावीवाले आम्हाला 'डिप्लोमावाले' म्हणून वेगळ्याच बाकावर बसवत. एम-३ नं (गणिताचा तिसरा पेपर) लय रडवलं राजेहो, त्यांचं एम-१ एम-२ झालेलं आणि आमचं इंटिग्रेशन पॉलिटेक्निकातच राहिलेलं. पण वर्कशॉपात लेथ चालू करायची वेळ आली की तेच पोट्टे आमच्या मागं मागं. घरच्यांचा खर्च वाचला तो वाचलाच. माझ्या बापाला बारावीच्या क्लासची फी झेपलीच नसती. तुमच्या पोट्ट्यालाही तिसऱ्या वर्षी तिकडं गेल्यावर एक झटका बसेल, पहिल्या टर्मचा जीपीए जरा पडेल. त्याला आधीच सांगून ठेवा, घाबरायचं नाही.

शून्यवेळ

+१ ठेचा. भारतात पण यूजीसीने कम्युनिटी कॉलेज योजना आणली होतीच की, पाँडिचेरी विद्यापीठाने तर १९९५लाच सुरू केलेलं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे, बारावी नसलेल्यालाही पूर्वतयारी करून बीएला घेत असत. आता ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स पण आली. पण एका विद्यापीठाचे क्रेडिट दुसऱ्याने निमूटपणे मानायचे हे आपल्याकडे कधी होणार? मी मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी एका विद्यापीठाच्या खिडकीवर जेवढा वेळ उभा होतो तेवढ्यात एक कोर्स झाला असता.

झणझणीत_रस्सा

खिडकी उघडी होती हे तुमचं नशीब.

नर्मदा

जरा अवांतर. मुलांचं सोडा, आयांचं बोलू. मी एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१ सोबतचा व्हिसा) आहे, बे एरियातल्या डब्लिनला राहते. मला कॉलेजला जाता येतं का? की एफ-१ (स्टुडंट व्हिसा) घ्यावा लागतो? आणि फी बाहेरची लागते का?

कोकणी_मेवा

नर्मदा, येतं गं! एच-४ वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, पार्टटाइम चालतं, फुलटाइम चालतं. नोकरी मात्र ईएडी (कामाचा परवाना) शिवाय नाही. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिलीस आणि त्याचे कागद असले (लीज, टॅक्स, लायसन्स) की रहिवाशाची फी लागते, एच-१ एच-४ ना रेसिडेन्सी मिळू शकते, एफ-१ ना नाही. त्यामुळे उगाच एफ-१ च्या भानगडीत पडू नको. नुसतं इंग्लिश सुधारायचं असेल तर नॉनक्रेडिट क्लास असतात त्यांना ट्यूशनच नसते.

माझ्या ओळखीच्या निम्म्या बायकांनी अर्ली चाइल्डहूडचे १२ युनिट केले आणि ईएडी आल्यावर प्रीस्कूलमध्ये टीचर झाल्या. एकीचं मुंबईचं बी.कॉम. होतं, तिने डिग्रीचं मूल्यांकन करून घेतलं, सीपीएच्या (इथल्या सीएच्या) परीक्षेला अकाउंटिंगचे जेवढे युनिट कमी पडत होते तेवढे कम्युनिटी कॉलेजात भरून काढले. ग्रॅज्युएट झालेल्या बाईला परत ज्युनियर कॉलेजात काय बसवायचं असं तिच्या नवऱ्याला वाटत होतं, आता घराचा टॅक्स तीच भरते.

मी स्वतः नर्सिंगला गेले, पस्तिशी ओलांडल्यावर. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी आधी करावं लागतं. ॲनाटॉमीच्या लॅबला मेंढीचं हृदय ट्रेमध्ये आलं, करड्या रंगाचं, वरती चरबीचा थर आणि त्या औषधाचा डोळ्यांत जाणारा वास. माझ्या टेबलावर आर्मीतून परत आलेला सहा फुटी मुलगा होता तो पांढराफटक पडला, दुसरी एकोणीस वर्षांची ती सरळ बाहेर गेली. मी मालवणची, बांगडे-सुरमई साफ करत वाढले. स्कॅल्पेल घेतलं, डाव्या वेंट्रिकलची जाड भिंत उभी चिरली आणि आतले ते झडपेचे दोरे असतात ना पांढरे, ते न तोडता उघडून दाखवले. मास्तरीणबाई म्हणाल्या, यू हॅव डन धिस बिफोर? म्हटलं, एव्हरी संडे.

पुढे प्रोग्रॅमला नंबर लागायला वेळ लागला, जागा कमी आणि अर्ज ढीगभर, काही कॉलेजांत तर अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखी लॉटरी असते. पण असोसिएट डिग्रीवर एनक्लेक्स (नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा) देऊन आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, होता येतं हे लोकांना माहीतच नसतं.

ऑस्टिनकर

मेवाताई दंडवत! आमच्याकडे टेक्सासात ४२ क्रेडिटचा कोअर (सगळ्यांना घ्यावे लागणारे सामान्य विषय) असतो, राज्यातल्या सगळ्या पब्लिक युनिव्हर्सिट्यांना तो मानावाच लागतो. त्यामुळे मुलं हायस्कूलमध्येच ड्युअल क्रेडिट (शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स) घेऊन इतिहास, गव्हर्नमेंट, इंग्लिश उरकून टाकतात. फक्त एक सावधगिरी, ते मार्क कायमचे कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर राहतात. पंधरा वर्षांच्या पोराने उत्साहात घेतलेला डी पुढे प्रत्येक अर्जात लिहावा लागतो.

रच्याकने मी नोकरी सांभाळून संध्याकाळी वेल्डिंग शिकलोय. कोड लिहून लिहून हाताने केलेलं काही दिसत नव्हतं. घरी एक तिरकी शू-रॅक आहे, बायको पाहुण्यांना दाखवत नाही.

मुळामुठाकाठी

मी पुण्यातून विचारतोय. भाची बारावीला आहे, एजंट म्हणतोय कम्युनिटी कॉलेजला एफ-१ वर पाठवा, स्वस्तात अमेरिका. काय मत?

जुनाखोड

मालक, स्वस्त रहिवाशांना. एफ-१ वाल्याला युनिटमागे काहीशे डॉलर, शिवाय व्हिसासाठी फुलटाइम म्हणजे १२ युनिट घ्यावेच लागतात, बहुतेक ठिकाणी होस्टेल नसतं, खोली आणि बस स्वतः बघा. ट्रान्सफर झाल्यावर यूसीत परत बाहेरच्यांची फी. तरी चार वर्षं यूसीपेक्षा कमी पडतं हे खरं, आणि तसे जाणारे आहेतही. पण एजंटचं कमिशन कुठून येतं ते आधी विचारा.

सडेतोड

धागा मेंढीच्या हृदयावरून पुण्याच्या एजंटवर गेला. मूळ प्रश्नावर या. माझं अजूनही म्हणणं रिव्हरसाइड. तिथून दुसऱ्या यूसीत ट्रान्सफर करता येत नाही का?

पेन्सिलवाली

येते, पण यूसी ट्रान्सफरमध्ये कम्युनिटी कॉलेजवाल्यांना पहिला मान देते. यूसीत येणाऱ्या ट्रान्सफरपैकी ९० टक्क्यांहून जास्त तिथलेच असतात. "आधी रिव्हरसाइड मग बर्कली" असा बेत करून जाऊ नये, जायचं तर तिथेच चार वर्षं राहायच्या तयारीने.

अनघा_फ्रीमाँट

सगळ्यांचे खूप आभार, एवढं काउन्सेलरने पण सांगितलं नसतं. काल रात्री चिरंजीवांना बसवलं आणि पेन्सिलवालीने सांगितलं तसा तक्ता मागितला. दीड तासात करून आणला! गणित १ए-१बी-१सी-१डी, फिजिक्सची ४ नंबरची मालिका, सीएस वेगळ्या रंगात. फक्त इंग्लिशचा रकानाच नव्हता. म्हटलं रायटिंगचं काय, तर म्हणे ते होईल. ते दोन मित्र कुठल्या मेजरला जाताहेत असं विचारलं तर एक बिझनेस आणि एक अनडिसायडेड. म्हणजे वर्ग एकही सारखा नाही.

माझं मन आता तक्त्याकडे झुकलंय पण अटी घातल्यात: इंग्लिश पहिल्याच क्वार्टरला, आठवड्यात पंधरा तास तरी कॅम्पसवर बसून अभ्यास, आणि दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात टॅग भरायचाच, मग कॅम्पस रिव्हरसाइड असलं तरी चालेल. सडेतोड, तुमचा होस्टेलचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला. वाचलेल्या पैशातून शेवटची दोन वर्षं तो कॅम्पसवरच राहील, घरून येऊन-जाऊन नाही, हे कबूल करून घेतलंय.

सडेतोड

पंधरा तास कॅम्पसवर, ही अट आवडली. ती मोडली की इथे येऊन सांगा.

जुनाखोड

आणि रजिस्ट्रेशनची तारीख बघून ठेवा. नव्या मुलांना ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन केल्याशिवाय लवकरची तारीख मिळत नाही. सीएस आणि गणिताचे चांगल्या वेळेचे वर्ग पहिल्या दिवशीच भरतात.

नर्मदा

मेवाताई, मी बघितलं, अर्ली चाइल्डहूडचा संध्याकाळचा वर्ग आत्ताच फुल्ल दाखवतोय, वेटलिस्टवर अकरावी आहे. सोडून देऊ का?

कोकणी_मेवा

अजिबात नको. हल्ली बोगस नावांनी सीटा अडवून आर्थिक मदतीचे पैसे लाटणारे खूप झालेत, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जो हजर नाही किंवा कॅनव्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गात) पहिली असाइनमेंट केली नाही त्याला प्रोफेसर काढून टाकतात. ऑनलाइन असेल तर पहिल्या दिवशीच मेल कर, प्रत्यक्ष वर्ग असेल तर जाऊन बस आणि ॲड कोड (वर्गात नाव घालायचा नंबर) माग. अकरावी म्हणजे काहीच नाही. आणि पार्किंगसाठी अर्धा तास आधी नीघ, पहिले दोन आठवडे जागा मिळत नाही.